सहा व्होल्टांचा ट्रक

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गर्दी असते ती मोटारींभोवती. ट्रककडे फारसे कोणी फिरकत नाही. तरीही एखादा हौशी मालक खूप कष्ट करून १९५० च्या सुमाराचा डॉज ट्रक उभा करतो. हिरवा रंग देतो, लाकडी हौदा नव्याने बांधून घेतो, समोरची जाळी चकचकीत करतो. मग कोणीतरी म्हणते, "बॉनेट उघडा की जरा." बॉनेट उघडते आणि आत दिसतो आजच्या एखाद्या छोट्या मोटारीचा अल्टरनेटर, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेल्या लाल-काळ्या वायरी आणि १२ व्होल्टची बॅटरी. मूळचा डायनॅमो कुठे गेला, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. "तो जळाला होता. भंगारात दिला."

तो खरोखर जळाला होता का, याविषयी आज बोलायचे आहे. बहुतेक वेळा तो जळालेला नसतो. बिघाड दुसरीकडेच असतो आणि शिक्षा डायनॅमोला होते. आणि खरोखरच जळाला असला, तरी तो दुरुस्त करता यावा अशाच बेताने घडवलेला असतो.

हा ट्रक आपल्याला परका नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्यांची जुळणी सुरू झाली. डॉज, फार्गो, डिसोटो अशी नावे वेगवेगळी, पण खाली ट्रक जवळजवळ एकच. ऊस, कापूस, कोळसा, मिठाची पोती, जे म्हणाल ते या ट्रकांनी घाटातून वर-खाली नेले. पुढे टाटांचे डिझेल ट्रक आले, काही जुन्या ट्रकांमधली पेट्रोल इंजिने काढून तिथे डिझेल इंजिने बसवली गेली, उरलेले मोडीत निघाले. ज्या कुर्ल्यात ते जुळले, त्याच कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात त्यांचे सुटे भाग विकले गेले.

त्यांतला जो पेट्रोलवरचा ट्रक आहे, ज्याला अमेरिकेत १९४८ ते १९५३ या काळात 'पायलट हाऊस' म्हणत, त्याच्या विजेच्या दोन गोष्टी आजच्या मेकॅनिकला चकवतात. पहिली, सगळे काही सहा व्होल्टचे. दुसरी, बॅटरीचे धन टोक, म्हणजे प्लस, गाडीच्या सांगाड्याला जोडलेले. आज सगळीकडे मायनस बॉडीला असते. या ट्रकमध्ये नेमके उलटे. हे ठाऊक नसलेला माणूस सवयीने बॅटरी जोडतो, ठिणग्या उडतात, आणि मग "जुन्या गाडीची वायरिंग खराब" असा शेरा मिळतो.

आता सहा व्होल्ट म्हणजे नेमके काय, ते पाहू. दिव्याची शक्ती वॉटमध्ये मोजतात आणि वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ४५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर प्रवाह घेतो. तोच सहा व्होल्टवर साडेसात घेतो. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी दुप्पट प्रवाह वायरीतून वाहून न्यायचा. वाटेत जिथे गंज आहे, जिथे नट ढिला आहे, तिथे प्रवाह दुप्पट म्हणून व्होल्टची गळतीही दुप्पट. आणि मुळात पदरी सहाच व्होल्ट. अर्धा व्होल्ट गळला तर १२ मधून तो चार टक्के जातो, सहामधून आठ टक्क्यांहून जास्त. गरिबाच्या घरातून दहा रुपये हरवणे आणि सावकाराच्या घरातून हरवणे, असा फरक.

त्यात दिव्याचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड दहा टक्क्यांनी उतरत नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. तापणाऱ्या तारेच्या दिव्याचा तो गुणच आहे. म्हणून या ट्रकांचे दिवे "काजव्यासारखे" असल्याची तक्रार होते. नवा असताना हा ट्रक रात्री रस्त्यावर धावत होता, मालकांनी पैसे मोजून घेतला होता. काजव्याच्या उजेडात कोणी खंडाळ्याचा घाट उतरला नसता. काजवा नंतर झाला, सांध्यांमुळे.

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा, की कुठलाही भाग उघडण्याआधी सांधे तपासायचे. ते कसे तपासायचे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नव्वद-शंभर रुपयांच्या साहित्यात निम्मी कामे इथेच उरकतात.

दिवे लावा. साधा मल्टिमीटर घ्या. त्याची एक सळई बॅटरीच्या जिवंत टोकावर, म्हणजे या ट्रकमध्ये मायनसवर, आणि दुसरी दिव्याच्या मागे जिथे वायर शिरते तिथे. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेतच हरवले आहेत. आता परतीची वाट तपासा. एक सळई दिव्याच्या धातूच्या वाटीवर, दुसरी बॅटरीच्या प्लस टोकावर. इथे आकडा शून्याच्या जवळ हवा. जुन्या ट्रकमध्ये तो अर्धा, पाऊण, कधी एक व्होल्टसुद्धा निघतो. कारण परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, आणि पत्र्याला मधल्या काळात तीन-चारदा रंग दिलेला असतो. सुंदर रंगवलेले मडगार्ड सुंदर रंगवलेल्या चासीवर बसवले की मध्ये रंगाचे दोन थर राहतात आणि रंगातून वीज जात नाही. रंगकाम जितके चांगले, तितके दिवे मंद!

उपाय साधा. जोडाच्या जागी रुपयाएवढी जागा खरवडून उघडा धातू काढायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस लावायचे. इंजिन आणि चासी यांच्यामधली विणलेली तांब्याची पट्टी बहुधा गायब असते, ती परत लावायची. इंजिन रबरावर बसते, त्यामुळे ही पट्टी नसेल तर वीज परत कुठून जाईल? मिळेल त्या वाटेने जाते. गिअरच्या दांड्यातून, अॅक्सिलरेटरच्या तारेतून. तार तापल्याची उदाहरणे आहेत.

बॅटरीच्या जाड केबलचेही तेच. आज दुकानात मिळणारी केबल १२ व्होल्टच्या गाडीसाठी असते. ती दिसायला जाड, पण आवरण जाड आणि आत तांबे बेताचे. सेल्फ फिरताना, म्हणजे स्टार्टर मोटार चालताना, या ट्रकमध्ये दोन-दोनशे अँपिअर प्रवाह धावतो. अशा वेळी वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. उरलेल्या चारात सेल्फ घरघरतो आणि थांबतो. निदान होते "सेल्फ गेला". त्याला काढतात, रिवाइंड करतात, परत बसवतात, तो परत घरघरतो. मग निदान होते "सहा व्होल्टमध्ये दमच नाही". खरे पाहता केबल बदलायला हवी होती. सहा व्होल्टच्या गाडीची केबल हाताच्या अंगठ्याइतकी जाड असते, आणि ती वेल्डिंगच्या साहित्याच्या दुकानात मिळते, हे फारसे कोणाला सुचत नाही.

एवढे करूनही बॅटरी भरत नसेल तर मग डायनॅमोकडे वळायचे. या ट्रकवर डायनॅमो, रेग्युलेटर, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर (ज्याला आपले मेस्त्री 'डेल्को' म्हणतात) हे सगळे बहुधा ऑटो-लाइट कंपनीचे. अमेरिकेतल्या टोलेडो गावची ही कंपनी. तिथल्या कामगारांचा १९३४ चा संप अमेरिकेच्या कामगार चळवळीत अजून सांगितला जातो. कंपनी राहिली नाही, १९६१ मध्ये तिचे नाव फोर्डने विकत घेतले. पण तिच्या डायनॅमोवरची धातूची पाटी अजून वाचता येते.

डायनॅमोच्या पोटात लोखंडाचे खांब असतात, त्यांवर तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे फील्ड कॉइल. मध्ये आर्मेचर फिरते. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, तो कम्युटेटर, आणि त्यावर टेकलेले कार्बन. आर्मेचरमध्ये तयार झालेली वीज कार्बन उचलून बाहेर देतात. अल्टरनेटरमध्ये हेच काम छोटे डायोड करतात आणि एखादा डायोड गेला की सहसा सगळा संच बदलतात. डायनॅमोत मात्र लांब दोन बोल्ट काढले की सगळे संसारासारखे उघडे पडते. प्रत्येक झिजणारा भाग वेगळा काढता येतो. १९५० साली अमेरिकेतल्या शेतकऱ्याला गावातल्या गॅरेजमध्ये तो दुरुस्त करता यावा, ही अपेक्षाच होती.

उघडल्यावर आधी डोळ्यांनी बघायचे. आवरणाच्या आतल्या बाजूला शिशासारखे चकाकणारे थेंब उडालेले दिसले तर समजायचे की डाख उडाला आहे. आर्मेचरच्या तारांची टोके कम्युटेटरच्या पट्ट्यांना डाखाने जोडलेली असतात. डायनॅमोवर त्याच्या ताकदीबाहेर भार पडला की तो तापतो, डाख वितळतो आणि फिरत्या वेगाने बाहेर फेकला जातो. असा डायनॅमो बघून लोक म्हणतात, जळाला. तारांवरचे वार्निश काळे पडून सुटले नसेल तर तो जळालेला नाही. टोके साफ करायची, राळेचा वापर करून पुन्हा डाख द्यायचा. आम्ल लावून डाख देऊ नये. ते आत राहते आणि वर्षभरात तांबे खाऊन टाकते.

पुढचे काम लेथवर. कम्युटेटरवर कार्बनने चर पाडलेला असतो, तो हलक्या हाताने कापून गोल सारखा करायचा. त्यानंतरची पायरी आज हमखास विसरली जाते. तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक असते. अभ्रक तांब्याहून कठीण, त्यामुळे तांबे झिजते आणि अभ्रक वर राहते. मग कार्बन त्यावरून उड्या मारत चालतो, ठिणग्या पडतात, चार्जिंग घटते. म्हणून प्रत्येक फटीतले अभ्रक तांब्याच्या पातळीखाली पाऊण मिलिमीटरभर खोल कोरून काढावे लागते. जुने मेस्त्री हॅकसॉच्या पात्याचा तुकडा बाजूंनी घासून बारीक करीत आणि त्याने एकेक फट कोरीत. पट्ट्यांची संख्या बघता हे चिकाटीचे काम आहे. शेवटी बारीक काचकागदाने पुसून घ्यायचे. एमरीचा कागद वापरू नये, त्याचे कण फटीत अडकून दोन पट्ट्या जोडू शकतात.

आर्मेचरच्या आत कुठे तारा एकमेकींना टेकल्या आहेत का, हे बघायला 'ग्राउलर' नावाचे साधन लागते. घरगुती विजेवर चालणारे इंग्रजी 'व्ही' आकाराचे ते विद्युतचुंबक. त्यावर आर्मेचर ठेवून हळूहळू फिरवायचे आणि वर हॅकसॉचे पाते धरायचे. जिथे तारा टेकल्या असतील तिथे पाते थरथरायला लागते आणि गुरगुरते. हे साधन मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या जुन्या दुकानांत अजून असते. शेतातल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावचा कारागीर या कामाला शहरातल्या चकचकीत सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. त्याने डॉज पाहिलेला नसेल, पण तांबे, सुती फीत, वार्निश यांची त्याला सवय असते.

फील्ड कॉइल सहसा शाबूत असते. बिघडते ते तिच्यावरचे सुती आवरण. कोकणात चार पावसाळे उघड्या शेडमध्ये काढलेल्या ट्रकचे हे आवरण दमट होते आणि वीज आवरणातून खांबात झिरपते. अशी कॉइल फेकायची नाही. जुनी फीत उलगडायची, कॉइल पेटीत ठेवून आत १०० वॉटचा बल्ब दिवस-दोन दिवस जळत ठेवायचा, नवी सुती फीत गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवायची आणि पुन्हा सुकवायची. खर्च फितीचा आणि वार्निशचा.

राहिले कार्बन आणि बुश. कार्बन निम्म्याहून कमी उरला असेल तर बदलायचा. मूळ मापाचा मिळाला नाही तर मोठा घेऊन घासून मापाचा करता येतो, मात्र सेल्फचा कार्बन डायनॅमोला लावू नये. सेल्फच्या कार्बनमध्ये तांब्याची भुकटी भरपूर असते, तो थोडा वेळ प्रचंड प्रवाह नेण्यासाठी बनवलेला असतो. डायनॅमोवर तो तासन्तास चालवला तर कम्युटेटर खराब करतो. मागच्या बाजूचे बुश झिजले की आर्मेचर खाली बसते आणि खांबांना घासते. आर्मेचरच्या लोखंडावर चकाकणारे ओरखडे दिसले तर हेच कारण. नवे सच्छिद्र काशाचे बुश रात्रभर तेलात बुडवून मग बसवायचे. आणि वरच्या तेलाच्या नळीत नंतर दोन-चार थेंबच. काही माणसे प्रेमाने पळीभर तेल ओततात, ते थेट कम्युटेटरवर जाते.

डायनॅमोचा सोबती म्हणजे रेग्युलेटर. काळी पत्र्याची डबी, आत तीन छोटी विद्युतचुंबके. पहिले कट-आऊट. त्याचे काम पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखे. इंजिन बंद झाले किंवा अगदी हळू चालले की डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी होते. तेव्हा मधली वाट तोडली नाही तर बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत शिरेल आणि रात्रभरात बॅटरी रिकामी होईल. कट-आऊटचे पॉइंट चिकटून बसले तर नेमके हेच घडते, वायरी तापून आगही लागू शकते. म्हणून या ट्रकवर काम करताना बॅटरीचे एक टोक सोडून ठेवण्याची सवय चांगली.

दुसरे चुंबक व्होल्टेज सांभाळते. व्होल्टेज सव्वासातच्या आसपास पोहोचले की ते आपली पट्टी ओढते, पॉइंट उघडतो, फील्ड कॉइलच्या वाटेत अडथळा येतो आणि डायनॅमोचा जोर कमी होतो. जोर कमी झाला की स्प्रिंग पट्टी परत नेते. हे सेकंदात कित्येक वेळा होते. डबीला बोट लावले तर बारीक गुणगुण जाणवते. तिसरे चुंबक असेच, पण ते अँपिअर मर्यादेत ठेवते, म्हणजे वर सांगितलेला डाख उडू नये.

चार्जिंग होत नाही, तेव्हा दोष डायनॅमोचा की रेग्युलेटरचा? ऑटो-लाइटच्या या जोडणीत याचे उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते. इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवून रेग्युलेटरवरची 'एफ' खुणेची वायर सोडायची आणि क्षणभर बॉडीला टेकवायची. डॅशबोर्डवरच्या अँपिअरमीटरचा काटा चार्जिंगकडे उसळला तर डायनॅमो धडधाकट आहे, दोष डबीत आहे. काटा ढिम्म राहिला तर डायनॅमो काढा. वायर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण त्या वेळी लगाम सुटलेला असतो. आणि ही युक्ती बेडफर्डसारख्या लुकासच्या जोडणीवर करू नये. तिथे फील्डची वाट उलट बाजूने जाते.

डबीतला दोष बहुधा पॉइंटवरच्या काजळीचा. बारीक कानशीने एकदा हलकेच घासून, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कागदाच्या पट्टीने पुसले की काम होते. डबीखालचे अर्थिंगचे स्क्रू साफ करायचे. रेग्युलेटरची बॉडी रंगवलेल्या पत्र्यावर बसली असेल तर तो भ्रमिष्टासारखा वागतो. जे करू नये ते म्हणजे "चार्जिंग वाढवून द्या" म्हटल्यावर स्प्रिंग पक्कडीने वाकवणे. गॅरेजमध्ये हे सर्रास चालत असे. चार दिवस बॅटरी खूश, पाचव्या दिवशी पाणी उकळते, दहाव्या दिवशी डाख उडतो.

सगळे जोडल्यावर एक छोटा विधी उरतो. तो राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. डायनॅमो स्वतःची वीज सुरू करतो तो खांबांच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वाच्या बळावर. त्या चुंबकत्वाची दिशा ज्या बाजूची, त्याच बाजूचे प्लस-मायनस बाहेर येते. टेबलावर चाचणी घेताना किंवा बॅटरी उलटी लागल्याने ही दिशा उलटलेली असू शकते. मग डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांशी झुंजतात आणि कट-आऊटचे पॉइंट फडफडून जळतात. म्हणून इंजिन चालू करण्याआधी रेग्युलेटरवरची बॅटरीची आणि आर्मेचरची ही दोन टोके एका वायरने क्षणभर, फक्त क्षणभर, जोडायची. एक ठिणगी पडते. तेवढ्यात बॅटरी आपली दिशा लोखंडाला शिकवते. हेही ऑटो-लाइटसाठी, लुकासची रीत वेगळी.

डेल्को आणि कॉइलविषयी थोडेच. पॉइंटमधले अंतर या सहा सिलिंडरच्या इंजिनाला इंचाचे वीस हजारांश. कंडेन्सर मात्र जुना वापरू नये. आतला कागद काळाने दमट होतो आणि तो दुरुस्त होत नाही, मूळपणाचा आग्रह इथे सोडावा. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक टोकांची अदलाबदल झाली तरी इंजिन चालते, पण ठिणगी अशक्त होते. प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाकडून इलेक्ट्रॉन निघणे सोपे, थंड बाहेरच्या टोकाकडून कठीण. ओळखायला शिसपेन्सिलीची युक्ती आहे. प्लगपासून वायर थोडी दूर धरायची आणि ठिणगीच्या वाटेत पेन्सिलीचे टोक आणायचे. नारिंगी झळाळी प्लगच्या बाजूला दिसली तर जोडणी बरोबर, वायरच्या बाजूला दिसली तर उलटी. पेन्सिल धरायला लांब, कोरडी काठी बांधा; झटका चांगलाच बसतो.

वायरिंग हा एकच भाग असा, की जिथे मी मूळचे जपा असे म्हणणार नाही. तांब्याच्या तारेवर रबर आणि त्यावर सुताचे विणलेले रंगीत आवरण, अशी ती होती. रबरात गंधक असते, ते तांब्याला बाधू नये म्हणून तारेला कथलाचा मुलामा देत. सत्तर वर्षांनी ते रबर कडक होऊन वाकवले की बिस्किटासारखे तुटते. ते नवेच घालावे. विणलेल्या आवरणाची नवी वायर मिळते, आत आधुनिक प्लास्टिक आणि बाहेरून जुने रूप. जुना जुडगा मात्र टाकून देण्याआधी जमिनीवर पसरून त्याचा फोटो काढावा, प्रत्येक फाट्याची लांबी लिहावी. नंतर तोच नकाशा कामी येतो. आणि अँपिअरमीटरच्या मागचे दोन नट घट्ट आवळावेत. सेल्फ सोडला तर बहुतेक सगळी वीज त्या दोन नटांमधून जाते, ते ढिले पडून डॅशबोर्ड पेटल्याचे ऐकिवात आहे.

तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशाला? अल्टरनेटर घालावा, मोकळे व्हावे. रात्री हमरस्त्यावर माल किंवा माणसे नेणार असाल तर मीही अल्टरनेटरच घाला म्हणेन. इंजिन हळू चालत असताना डायनॅमो काहीच देत नाही, आजच्या वाहतूक कोंडीत ते परवडणारे नाही. पण वर्षातून चार-सहा वेळा बाहेर निघणाऱ्या ट्रकची गोष्ट वेगळी. बारा व्होल्टवर जाताना पेट्रोलचा काटा, हॉर्न, वायपर, कॉइल असे एकेक करून सगळेच बदलावे लागते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, मोठे फेरफार न झालेले वाहन, अशी त्यांची भाषा. ते नियम खासगी दुचाकी आणि मोटारींचे आहेत, मालवाहू ट्रकचा त्यात विचार झालेला दिसत नाही. तो पुढे होईल तेव्हा 'मूळ रूप' दाखवायला काहीतरी शिल्लक असायला हवे.

अल्टरनेटर बसवलाच, तर डायनॅमो, रेग्युलेटर आणि त्यांचे कंस भंगारवाल्याला देऊ नका. किलोवर तांब्या-लोखंडाचे पैसे येऊन येऊन किती येणार? कम्युटेटरवर कागद गुंडाळा, बेअरिंगला ग्रीस भरा, गोणपाटात नव्हे तर कोरड्या लाकडी पेटीत ठेवा, आणि पेटीवर गाडीचा नंबर, 'सहा व्होल्ट, प्लस बॉडीला' असे ठळक लिहून ठेवा. पुढच्या मेस्त्रीला तेवढी एक ओळ पुरते.